खाण कामगाराच्या पाठीची नोंद कुठं आहे? बेळगाव जिल्हा खनिज प्रतिष्ठानला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
जिल्हा खनिज प्रतिष्ठान न्यास, बेळगाव

विषय: खाण, क्वारी आणि खडी मशीनवर राबणाऱ्यांची पाठ, मान, गुडघे आणि हात

स.न.वि.वि.

बेळगावात माझं फिजिओथेरपीचं लहानसं सेंटर आहे. शिक्षक येतात, बँकेतले येतात, गुडघे बदलून घेतलेल्या आज्या येतात. पण आणखी एक वर्ग येतो, ज्याच्या केसपेपरवर व्यवसायापुढं नुसतं ‘कूली’ लिहिलेलं असतं. कसली कूली म्हणून विचारलं की मग कळतं. कुणी क्वारीत सुरुंगाची भोकं पाडतो, कुणी खानापूर-चंदगड पट्ट्यात जांभ्याचे चिरे ट्रकवर चढवतो, कुणी खडी मशीनच्या तोंडाशी दगड ढकलतो, कुणी गोव्याच्या खाणीत टिप्पर चालवून गावी परत आलाय.

ही माणसं माझ्यापर्यंत पोचतात तेव्हा उशीर झालेला असतो. पाय बधिर झालेला, हाताची पकड गेलेली. आधी गावातल्या दवाखान्यात सुया मारून झालेल्या असतात, मग हाडवैद्याकडं चोळून झालेलं असतं, मग यल्लम्माला नवस. त्यातल्या एकाच्याही दुखण्याची नोंद ‘खाणकामामुळं’ म्हणून कुठल्या सरकारी कागदावर झालेली मी पाहिलेली नाही. नोंद नाही म्हणजे आजार नाही, आणि आजारच नाही तर त्यावर खर्चाचं कलम कुठून येणार? माझं गाऱ्हाणं एवढंच आहे.

ते कामगार खात्याकडं किंवा खाण खात्याकडं न नेता तुमच्याकडं आणलं, कारण पैसा तुमच्याकडं आहे. खाण व खनिज कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन कलम ९ब आलं. जुन्या खाणपट्ट्यांनी रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावातून मिळालेल्या पट्ट्यांनी १० टक्के इतकी जादा रक्कम जिल्ह्याच्या न्यासात भरायची असं ठरलं. हे मोठ्या खनिजांचं झालं. दगड, जांभा, वाळू यांसारख्या गौण खनिजांचा दर ठरवायचा अधिकार राज्याला. आणि हा पैसा कुणासाठी, तर कायद्याच्याच शब्दांत, खाणकामाची झळ बसलेली माणसं आणि प्रदेश यांच्या हितासाठी. झळ बसलेल्या माणसांची यादी करायला घेतली तर पहिलं नाव खाणीत उतरणाऱ्याचं यावं की नाही?

तुमचा हा निधी कशावर खर्चायचा ते सांगणाऱ्या, त्याच वर्षीच्या प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेत आरोग्यसेवा अग्रक्रमाच्या कामांत धरली आहे. तिथं एक गोष्ट स्पष्ट सांगितली आहे, तिच्याकडं तुमचं लक्ष वेधते. आरोग्यासाठी नुसत्या इमारती उभ्या करू नका, त्या चालवायला लागणारी माणसं, उपकरणं आणि पुरवठा यांवरही भर द्या. खाणकामातून होणाऱ्या आजारांसाठी खास सोयी आखताना राष्ट्रीय खाण कामगार आरोग्य संस्थेची मदत घ्या, असंही तिथं म्हटलंय. ही संस्था आपल्यापासून लांबची नाही. ती कोलार गोल्ड फील्ड्समध्ये सुरू झाली, पुढं नागपूरला गेली आणि नंतर अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन झाली. म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाही. तुमच्याच मार्गदर्शक तत्त्वांतलं मागते आहे.

खाण आणि आरोग्य म्हटलं की सगळ्यांना आधी धूळ आठवते. ते योग्यच आहे. गोकाककडच्या वालुकाश्मात सिलिका भरपूर असते, आणि ती धूळ फुप्फुसात साठून सिलिकोसिस झालेल्या माणसाला पुढं क्षयही लवकर गाठतो. अपघाताचंही तसंच. जानेवारी २०२१ मध्ये शिवमोग्याजवळ हुणसोडूला आणि पुढच्याच महिन्यात चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात खाणीची स्फोटकं उडाली, माणसं गेली, तेव्हा सगळं राज्य हादरलं. चौकशी झाली, छापे पडले. पण पाठ काही स्फोटासारखी एका रात्रीत जात नाही. ती रोज थोडी थोडी जाते, आवाज न करता, आणि ज्या दिवशी पुरती जाते त्या दिवशी माणूस कामावर येत नाही. मुकादम त्याच्या जागी दुसरा उभा करतो, आणि क्वारीपुरता तो विषय तिथंच संपतो.

आमच्याकडं दगडाचा हिशेब ब्रासवर चालतो. ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. फोडलेल्या काळ्या दगडाचा ब्रास चार टनांच्या आसपास भरतो. तो हातानं भरायचा झाला आणि एका बुट्टीत २५ किलो धरले, तर एका ब्रासला १६० वेळा वाकायचं, उचलायचं, वळायचं आणि टाकायचं. मजुरी तासावर नसते, ब्रासवर असते. त्यामुळं मधे दहा मिनिटं टेकलं तर ती स्वतःच्या खिशातून जातात. एकदा मी एका भरणीवाल्याला म्हटलं, तासाला पाच मिनिटं पाठ सरळ करून झोपत जा. तो हसला. “मॅडम, मी झोपलो तर ट्रक थांबतोय काय?”

ही वाकण्याची गोष्ट जरा उलगडून सांगते, कारण बैठकीच्या टेबलावरून ती दिसत नाही. कमरेचा कणा ताठ धरणारे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटर मागं असतात. वाकलेल्या माणसाच्या हातातलं ओझं मात्र अर्धा मीटर पुढं असतं. तरफेचं गणित शाळेत सगळ्यांनी केलंय. २५ किलो पेलायला त्या स्नायूंना दहापट, म्हणजे अडीचशे किलोंचा ताण द्यावा लागतो, आणि माणसाच्या स्वतःच्या धडाचं वजन त्यात धरलेलंच नाही. हा सगळा दाब दोन मणक्यांमधल्या चकतीवर येतो. मोठ्या माणसाच्या चकतीला रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. ती दबते आणि सुटते, त्यातूनच तिला पोषण मिळतं. म्हणून कष्टाचं काम मुळात वाईट नाही, उलट दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याची चकतीही बिघडते. बिघाड होतो तो दाब सुटायला सवडच मिळत नाही म्हणून. त्यात वाकून वळणं आलं की चकतीची कड फाटायला वेळ लागत नाही.

अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेनं ओझं उचलण्याचं एक सूत्र केलंय. सगळं मनासारखं असेल, म्हणजे ओझं अंगालगत, कमरेच्या उंचीला, अंग न पिळता, अधूनमधून उचलायचं, तेव्हा त्यात मर्यादा २३ किलोंची आहे. यातली एकेक गोष्ट बिघडत गेली की आकडा खाली येत जातो. जांभ्याचा चिरा तीस-पस्तीस किलोंचा असतो. तो पायाशी पडलेला असतो आणि ट्रकच्या फाळक्यापर्यंत न्यायचा असतो. आता चिरे कापायला मशीन आलंय, पण उचलायला अजून माणूसच आहे. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या शिफारशीत पुरुषासाठी ५५ किलोंची कमाल मर्यादा आहे, तिचा दाखला कुणी दिला तर एवढंच सांगते की तो आकडा एका वेळच्या ओझ्याचा आहे. दिवसाकाठी किती टन उचलले याबद्दल तो काहीच बोलत नाही.

आता हातांचं. काळ्या दगडात भोक पाडायला जो जॅक चालवतात तो वीस-पंचवीस किलोंचा. कॉम्प्रेसरच्या हवेवर तो सतत हादरत असतो आणि तो धरणारा दोन्ही हातांनी, बऱ्याचदा मांडीचा नाहीतर पोटाचा रेटा लावून, त्याला दाबून धरतो. अशा एका ड्रिलरला मी सदऱ्याची बटणं लावायला सांगितली. त्यानं वरचं बटण चाचपलं, सोडलं, पुन्हा चाचपलं, आणि मग बायकोकडं पाहिलं. वय चाळिशीच्या अलीकडचं. रात्री मुंग्या येऊन जाग येते, हात झटकत बसतो, चहाची कपबशी हातातून निसटते. गावातल्या दवाखान्यात त्याला व्हिटॅमिनच्या गोळ्या मिळत होत्या.

हा आजार काही नवा नाही. अमेरिकेत इंडियाना राज्यात बेडफर्ड इथं चुनखडीच्या खाणी आहेत. तिथल्या हवेच्या हातोड्यानं दगड घडवणाऱ्यांची बोटं थंडीत पांढरी पडतात आणि बधिर होतात, हे डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी १९१८ सालीच नोंदवून ठेवलंय. शंभराहून जास्त वर्षं झाली. आपल्या हवेत बोटं पांढरी पडताना क्वचित दिसतात, म्हणून डॉक्टरांच्याही लक्षात येत नाही, पण नस बधिर व्हायची ती होतेच. युरोपात आठ तासांच्या कामासाठी हाताला बसणाऱ्या हादऱ्याची मर्यादा ५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकी ठरवून दिली आहे आणि २.५ च्या पुढं गेलं की मालकाला उपाय करावे लागतात. आपल्या जिल्ह्यातल्या किती जॅकचा हादरा कुणी मोजलाय? मोजा म्हणून सांगणारंही कुणी नव्हतं असं नाही. २००७ साली दिल्लीत झालेल्या दहाव्या राष्ट्रीय खाण सुरक्षा परिषदेनं शिफारस केली होती की नवं यंत्र खाणीत आणण्यापूर्वी त्याच्या हादऱ्यांचा अभ्यास व्हावा, कामाची पद्धत, अवजारं आणि अंगाची ठेवण तपासावी, स्नायू-सांध्यांचे विकार कुठून होऊ शकतील ते पाहावं. शिफारस चांगलीच आहे. मोठ्या कंपन्यांच्या खाणींत ती कदाचित पोचली असेल. ट्रॅक्टरला कॉम्प्रेसर जोडून चालणाऱ्या क्वारीत ती पोचलेली नाही.

टिप्परवाल्यांना हादरा बुडाखालून बसतो. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला चार ते सहा हेलकाव्यांना सगळ्यात जास्त थरथरतो आणि खाणीच्या रस्त्यावरचं अवजड वाहन नेमकं त्याच्या आसपासच हलत असतं. आपल्या भागातली पुष्कळ पोरं डिचोली, सांगे, सत्तरीकडं खनिजाच्या गाड्यांवर होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोव्यातलं खाणकाम थांबवलं, पुढं २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं. पोरं परत आली. बेकारीची चर्चा झाली, व्हायलाच हवी होती. ती कसली कंबर घेऊन परत आली हे कुणी विचारलं नाही. त्यातले काही आज इथंच खडीच्या टिप्परवर आहेत, सीटचा स्पंज कधीच दबून गेलेला आणि त्यावर घरातली गोधडी घडी करून टाकलेली. काहींनी बॉक्साइटच्या गाड्या धरल्या, तिथं घाटरस्त्याचे धक्के आणखी वेगळे.

बायकांबद्दल लिहिताना मला विचार करावा लागला, कारण हे पत्र उघडं आहे. तरी लिहिते. खडी मशीन आल्यावर उन्हात बसून हातोडीनं खडी फोडणाऱ्या बायका कमी झाल्या, पण भरणीला, मशीनखालची कच उपसायला, माती वाहायला त्या आहेतच. डोक्यावर बुट्टी म्हणजे मानेच्या मणक्यांवर सरळ खाली दाब. मान दुखते, हात जड पडतो, चक्कर येते, एवढं तरी त्या सांगतात. अंग बाहेर येतं, म्हणजे गर्भाशय खाली सरकतं, हे सांगायला त्यांना तीन-चार भेटी लागतात. बाळंत होऊन दीड महिन्यात पुन्हा ओझं उचलायला लागलं, की ओटीपोटाचा तळ सांभाळणारे स्नायू सैल पडतात आणि पुढं खोकलं तरी लघवी सुटते. यावर व्यायाम आहेत, लवकर सुरू केले तर उपयोग होतो. पण विचारणारी बाई हवी. तपासणी शिबिरात एका टेबलामागं बसलेल्या पुरुष डॉक्टरसमोर, मागं मुकादम उभा असताना, कुठली बाई हे सांगेल?

आणि आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती. सुई. “कंबर धरलीया, उद्या कामावर जायाच पायजे, एक सुई मारा.” हे वाक्य आपल्याकडच्या कुठल्याही खेड्यातल्या दवाखान्यात ऐकायला मिळेल. डायक्लोफेनॅकची सुई लागते, दुखणं दबतं, माणूस दुसऱ्या दिवशी तोच फाटलेला भाग घेऊन तोच दगड उचलतो. दुखणं म्हणजे शरीरानं घातलेला लगाम असतो, तो सुईनं काढून टाकला जातो. शिवाय एप्रिल-मे महिन्यात उघड्या क्वारीत दगड तापलेला असतो, घामानं अंगातलं पाणी गेलेलं असतं, अशा वेळी ही औषधं मूत्रपिंडाला जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. रिकाम्या पोटी घेतली तर पोटात व्रण होतात. मेडिकल दुकानातून सुट्या गोळ्या मिळतात, त्यात कधी स्टेरॉइडही असतं. चेहरा गोल दिसायला लागला की लोक म्हणतात, तब्येत सुधारली! संध्याकाळी त्यावर दारू. मग सगळे मिळून म्हणतात, ही माणसं पितात म्हणून अशी. आधी दुखतं की आधी पितात, याचा शोध घेण्याची तसदी कुणी घेत नाही. तंबाखूचंही तेच. निपाणी जवळ आहे, तंबाखू स्वस्त आहे, आणि तोंडात बार भरला की भूक आणि थकवा दोन्ही काही वेळ जाणवत नाहीत.

आपला मुलूख तालमींचा आहे. पैलवान मेहनत करतो तेव्हा त्याला खुराक असतो, मालिश असते, झोप ठरलेली असते, आणि लचक भरली तर वस्ताद त्याला आखाड्यात उतरू देत नाही. क्वारीतला माणूस मेहनतीत त्याच्या मागं नाही. त्याला वस्ताद तेवढा नाही.

कायद्याकडं बघितलं तर हा माणूस कसा निसटत आला ते कळतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता येईपर्यंत लागू असलेल्या १९५२ च्या खाण कायद्यात दगडाची उघडी खाणही यायची. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, एक दिवस सुट्टी, सगळं होतं. पण कलम ३ म्हणायचं की मुरूम, जांभा, बांधकामाचा दगड, खडी अशा गोष्टी काढणारी उघडी खाण सहा मीटरपेक्षा खोल नसेल, कुठल्याही दिवशी ५० पेक्षा जास्त माणसं नसतील आणि स्फोटकं वापरत नसतील, तर बहुतेक तरतुदी लागू नाहीत. आता चिरेखाण डोळ्यांसमोर आणा. ती या सवलतीत अलगद बसायची. चिऱ्याचं वजन मात्र सहा मीटरच्या वरही तेवढंच असतं. कर्मचारी राज्य विमा कायद्यानं तर ‘कारखाना’ या व्याख्येतूनच खाण वगळली होती. म्हणजे त्याच आवारातलं खडी मशीन कारखाना ठरू शकायचं, पण शेजारच्या खड्ड्यातून त्याला दगड पुरवणारा विम्याच्या बाहेर राहायचा. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक कार्ड आहे, पण ते प्रामुख्यानं भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. ऑपरेशन टळावं म्हणून महिनाभर व्यायामाला यायचं तर ते पैसे आणि तेवढी हजेरी त्याच्या पदरची.

जिथं कायदा लागू होता तिथं दर पाच वर्षांनी वैद्यकीय तपासणी ठरलेली होती. छातीचा एक्स-रे, डोळे, कान, रक्तदाब. तपासणीच्या नमुन्यात हालचालीच्या अवयवांसाठीही एक ओळ असायची. माझ्याकडं आलेल्या पेशंटांनी जे कागद दाखवले त्यांत त्या ओळीपुढं ‘नॉर्मल’ लिहिलेलं होतं. त्याला कुणी वाकायला सांगितलं नव्हतं, उकिडवं बसून उठायला सांगितलं नव्हतं. खाणीतल्या ज्या आजारांची सूचना द्यावीच लागते त्या यादीत सिलिकोसिस आहे, बहिरेपण आहे, त्वचारोग आहे. कंबर आणि गुडघा नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१० च्या व्यावसायिक आजारांच्या यादीत मनगट, कोपर आणि गुडघ्याचे विकार नावानिशी आलेत. ब्रिटननं २००९ मध्ये, दहा वर्षं जमिनीखाली काबाडकष्ट केलेल्या कोळसा कामगाराच्या गुडघ्याची झीज हा कामातून झालेला आजार म्हणून मान्य केला. तिथल्या बऱ्याचशा खाणी तोवर बंद होऊन गेल्या होत्या, हेही खरं. आपण तेवढा उशीर करायचा का?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, आणि ४० वर्षांवरच्या कामगाराची दरवर्षी मोफत तपासणी करायची असं केंद्र सरकारनं जाहीर केलं. स्वागत आहे. पण चिरे चढवणारा माणूस चाळिशीपर्यंत त्या कामात टिकतो का, ते एकदा कुठल्याही खाणीवर जाऊन पाहा. माझ्याकडं येणारे बहुतेक पस्तिशीच्या आतबाहेरचे असतात. शिवाय नियुक्तीपत्र नाही, मुकादमाच्या वहीत फक्त टोपणनाव, मग तपासणी कुणाची करणार?

म्हणून माझं म्हणणं असं की सुरुवात विचारण्यापासून करा. नॉर्डिक देशांतल्या संशोधकांनी १९८७ साली एक साधी प्रश्नावली तयार केली, ती जगभर वापरतात. माणसाच्या आकृतीवर नऊ भाग दाखवलेले असतात, मान, खांदे, पाठीचा वरचा भाग, कोपर, मनगट-हात, कंबर, मांड्या, गुडघे, घोटे-पाऊल. गेल्या बारा महिन्यांत इथं दुखलं का, गेल्या सात दिवसांत दुखलं का, त्यामुळं काम बुडलं का. एवढंच. आशा कार्यकर्तीही विचारू शकेल. महाग एक्स-रे लागत नाही. ती मराठी आणि कन्नड दोन्हींत छापा, आणि हे मी सीमाप्रश्न म्हणून सांगत नाही. खानापूर तालुक्यातला माणूस दुखणं मराठीत सांगतो, सौंदत्तीचा कन्नडमध्ये सांगतो. कळ येते, ठणकतं, चमक मारते, मुंग्या येतात यातला फरक कळला तरच नस दबलीय की स्नायू ओढलाय ते ठरवता येतं. कागद कुठल्याही भाषेत भरा, विचारताना त्याच्या भाषेत विचारा.

नंतर माणसं. खानापूर, गोकाक, हुक्केरी, चिक्कोडी, निपाणी इथल्या सरकारी दवाखान्यांत खाणपट्ट्यातल्या लोकांसाठी फिजिओथेरपिस्ट मिळावा, आठवड्यातून दोन दिवस का होईना, संध्याकाळी. सकाळची ओपीडी ही कामावर जाणाऱ्याच्या उपयोगाची नाही. त्यात एक तरी स्त्री असावी. पाठदुखीच्या बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. लागतं ते वेळेवर सांगणं, व्यायाम शिकवणं आणि काही आठवडे हलकं काम. या शेवटच्या गोष्टीसाठी मात्र मालकाची साथ हवी. पाठीच्या विश्रांतीच्या दिवसांत घर चालावं म्हणून तुमच्या निधीतून काही तजवीज करता येईल का, हे तुम्ही पाहा. गट आरोग्य विम्याची सोय तर तुमच्या मार्गदर्शक तत्त्वांतच आहे.

क्वारीमालकांशी माझं वैर नाही. त्यातले कितीतरी आपलेच गाववाले आहेत आणि त्यांच्यातल्याही एक-दोघांच्या कमरा माझ्या टेबलावर येऊन गेल्यात. त्यांना करण्यासारख्या गोष्टी स्वस्त आहेत. बुट्टी लहान करा, १५ किलोंची. ट्रकच्या बाजूला दगड-मातीचा एक ओटा बांधा, म्हणजे चिरा पायापासून छातीपर्यंत न उचलता कमरेच्या उंचीवरून सरकवता येईल. जॅकवर एकच माणूस दिवसभर नको, आळीपाळीनं धरू द्या. टिप्परची सीट बदला, रस्त्यावरचे खड्डे मुरूम टाकून बुजवा. त्यानं टायरही वाचतात, हे त्यांना पटायला वेळ लागणार नाही. सावलीत पाणी ठेवा. ब्रासवरची मजुरी हा अवघड भाग आहे, तो मला सुटत नाही. पण ब्रासच्या दरातच विश्रांतीचा वेळ धरायचा, असं ठरवायला न्यास, मालक आणि मुकादम एका टेबलाशी बसू शकतात.

जमलेली माहिती दडवून ठेवू नका. कुठल्या प्रकारच्या खाणीत, कुठल्या कामावर, कुठला भाग दुखतो, ते नावं वगळून दरवर्षी प्रसिद्ध करा. बिम्स या बेळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना त्यावर काम करू द्या. एका जिल्ह्यानं असे आकडे पुढं ठेवले तर आजारांच्या यादीत कंबर घालायची की नाही यावर वर कुणालातरी बोलावं लागेल.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, ही विनंती. प्रश्नावलीचा मराठी मसुदा मी तयार केलाय, कन्नड मसुदा माझी एक सहकारी करते आहे, दोन्ही विनामूल्य देऊ. पहिलं शिबिर घ्यायचं ठरलं तर ते अमावस्येला ठेवा, त्या दिवशी बऱ्याच ठिकाणी काम बंद असतं. तसं नाही जमलं आणि कामाच्या दिवशी घ्यावं लागलं, तर त्या दिवसाची हजेरी मिळेल असं मालकांकडून आधी लिहून घ्या. नाहीतर टेबल मांडून आम्ही बसू आणि समोर कुणी येणार नाही.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट, बेळगाव